जुन्या बागेला दिवे लावायचेत? आधी काळोख कुठे ठेवायचा ते ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला, आधी मला काय समजलं ते सांगतो म्हणजे चुकलं असेल तर दुरुस्त करा. किनाऱ्यालगतच्या तुमच्या गावात नगरपंचायतीच्या ताब्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची बाग आहे, साधारण तीन एकर, भोवती चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण), आत पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), पायऱ्यांची बाव (विहीर), एक दीपमाळ, पार बांधलेला मोठा वड, बाकी बकुळ, सुरंगी, माड. समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. फंड मंजूर झालाय, ठेकेदाराने मध्यभागी १२ मीटरचा हायमास्ट (उंच खांबावर दिव्यांचा झुबका), गडग्याला रंग बदलणारे आरजीबी दिवे आणि झाडांखाली जमिनीत पुरून वर उजेड टाकणारे अपलायटर असं कोटेशन दिलंय. तुम्ही विचारताय की हे बरोबर आहे का, नसेल तर किती वॅटचे किती दिवे लावायचे, आणि सोलर चालेल का.

वॅट आणि नग हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो हो. आधीचा प्रश्न असा की संध्याकाळी सातनंतर त्या बागेत कोण येणार आणि काय करणार. चालायला येणारे वयस्कर लोक, पोरांना घेऊन येणाऱ्या बायका, पाखाडीवरून शॉर्टकट मारून घरी जाणारे, आणि पारावर गप्पा मारत बसणारे, या प्रत्येकाला लागणारा उजेड वेगळा आहे. आणि बागेत काही गोष्टी अशा आहेत की त्यांना उजेड लागतच नाही, उलट दिल्यावर त्रास होतो. म्हणून मी कुठल्याही जुन्या जागेचं काम घेतलं की नकाशावर आधी काळोखाचे भाग रंगवतो, म्हणजे इथे दिवा येणार नाही, इथेही नाही, आणि मग जे उरतं तिथे दिव्यांचा विचार. उलटं केलं की दिवे वाढतच जातात, कारण प्रत्येक सभासदाला आपल्या बाकाशेजारी एक खांब हवा असतो.

हायमास्टचं पहिल्यांदा बोलतो कारण तो एकदा उभा राहिला की काढणं अवघड. हायमास्ट एसटी स्टँडला ठीक, नाक्यावर ठीक. बागेत १२ मीटरवरून उजेड येतो तेव्हा वडाच्या वरच्या पानांवर पडतो आणि खाली पारावर दाट सावली, म्हणजे जिथे माणसं बसणार तिथेच काळोख आणि जिथे कोणी नाही तिथे लख्ख. शिवाय त्या झगमगाटाला डोळे सरावले की सावलीत उभा असलेला माणूस दिसतच नाही. आपल्या डोळ्यांना अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात एकदा जरी डोळ्यात प्रखर दिवा गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बायकांच्या सुरक्षिततेसाठी हायमास्ट हवाच असं मीटिंगमध्ये हमखास कोणीतरी म्हणतं, त्यांची काळजी शंभर टक्के खरी आहे, पण सुरक्षित वाटायला लागतात तीन गोष्टी: समोरून येणाऱ्याचा चेहरा दहाएक पावलांवरून ओळखता यावा, वाट कुठे संपते आणि गेट कुठे आहे ते दिसावं, आणि दोन दिव्यांच्या मध्ये काळोखाचा खड्डा नसावा. हे तिन्ही ३ ते ४ मीटरच्या खांबावरचे, खाली तोंड केलेले, मंद दिवे जास्त चांगलं करतात. पायवाटेवर सरासरी ५ ते १० लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) पुष्कळ झाले. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं आणि तेवढ्यात आपण खळ्यात आरामात वावरतो, यावरून अंदाज घ्या. गेट, पार्किंग आणि टॉयलेट इथे मात्र कंजूसपणा करू नका, तिथे चेहऱ्यावर उजेड हवा म्हणजे हवाच.

पाखाडीच्या पायऱ्यांना वेगळं वागवा. चिऱ्याची पायरी झिजून गोल झालेली असते, कड दिसत नाही, आणि वरून सरळ उजेड पडला तर सगळ्या पायऱ्या एकसारख्या सपाट दिसतात. बाजूने, गुडघ्याच्या खालून तिरका उजेड आला की प्रत्येक पायरीची सावली पुढच्या पायरीवर पडते आणि पाय बरोबर पडतो. तसंच बावेचं. बावेच्या आत पाण्यात दिवे सोडायचे असं कोटेशनमध्ये असेल तर तो आयटम खोडा. बावेच्या कठड्याची कड दिसली पाहिजे, पोरगं धावत आलं तर त्याला कळलं पाहिजे की इथे थांबायचंय, एवढंच काम. पाण्यात वायर नको, आणि कासवं-बेडकं जे काय राहत असेल आत त्यांना राहू द्या.

आता रंग. चिरा म्हणजे जांभा दगड, लालसर, तपकिरी, भोकाभोकांचा. त्याच्यावर ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी टाकला की तो आजारी, राखाडी दिसतो. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. २७०० ते ३००० केल्विन घ्या, आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, किमान ८०, भिंतीसाठी ९० मिळाला तर उत्तम, कारण लाल रंग उठून येण्यासाठी तेच लागतं. रत्नागिरीला थिबा राजवाड्याचा तो लालसर रंग मावळतीला कसा दिसतो ते डोळ्यासमोर आणा, त्या उन्हाच्या जवळपास जाणारा दिवा हवा. अजून एक, पूर्वी आपल्याकडे घराघरात उंडीच्या तेलाचे दिवे लागायचे, देवळात समया, नंतर दशावताराला गॅसबत्त्या. तेलाच्या दिव्याचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास असतो. म्हणजे या दगडांनी एवढी वर्षं रात्री जो काय उजेड पाहिला तो पिवळाच.

भिंतीवर उजेड टाकायच्या दोन पद्धती आहेत आणि ठेकेदार बहुतेक वेळा चुकीची निवडतो. लांबून रुंद उजेड टाकला की भिंत सपाट होते, पोत जातो. भिंतीच्या अगदी पायथ्याशी, एखाद्या फुटावर दिवा ठेवून वर घासून उजेड सोडला की चिऱ्याचं प्रत्येक भोक, छिन्नीची प्रत्येक रेघ उठून दिसते. पण हा उजेड काही लपवत नाही. मध्ये कुठे सिमेंट फासून डागडुजी केलेली असेल तर तेही ठळक दिसणार. म्हणून पूर्ण गडगा उजळायचा विचार सोडा, गेटच्या दोन्ही बाजूंचा चांगला शाबूत तुकडा आणि बावेजवळचा तुकडा घ्या, बाकी काळोखात राहू दे. आणि ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कोरडा चिरा आणि भिजलेला चिरा हे रात्री दोन वेगळे दगड असतात. पावसात तो काळपट चॉकलेटी होतो, वर शेवाळ धरतं, उजेड पिऊन टाकतो. मे महिन्यात ट्रायल घेऊन जे ठरवलं ते जुलैत मिणमिणतं वाटणार, म्हणून काही लोक मग वॅट वाढवतात आणि ऑक्टोबरपासून पुढे आठ महिने भिंत भगभगते. त्यापेक्षा डिमर ठेवा, पावसाळ्याचं सेटिंग वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं.

चिऱ्याला ड्रिल मारू नका. दगड मऊ, स्क्रू धरत नाही, भोकात पाणी मुरतं, लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि चिऱ्याचा टवका काढतो. दिवा जमिनीवर काँक्रीटच्या सुट्ट्या ठोकळ्यावर बसवा, उद्या हलवायचा म्हटलं तर मागे डाग राहू नये. अगदीच भिंतीला लावायचा असेल तर दोन दगडांमधल्या चुन्याच्या दर्जेत (सांध्यात), दगडात नाही. बाग किंवा तिच्यातली एखादी वास्तू संरक्षित आहे का हे मात्र आधी लेखी विचारून घ्या. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागतो आणि राज्याच्या पुरातत्व संचालनालयाची परवानगी. जवळपास केंद्र संरक्षित किल्ला किंवा वास्तू असेल तर तिच्यापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, त्यात खांबाचं फाउंडेशन खणण्याआधी विचारावं लागतं. भरतीरेषेपासून अंतर किती त्यावर सीआरझेडचंही (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) बघावं लागेल. यातलं काय लागू होतं ते तुमच्या सातबाऱ्यावर आणि नकाशावर अवलंबून, मी इथून सांगू शकत नाही.

खारी हवा आणि पाऊस हा विषय मी जरा लांबवणार आहे, कारण आपल्याकडे डिझाइन चांगलं असूनही बागा दोन-तीन वर्षांत काळोखात जातात त्या याच्यामुळे. कॅटलॉगमध्ये आयपी६५, आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलं असतं आणि सगळे निश्चिंत होतात. आयपी६७ म्हणजे नवा कोरा दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकला. जमिनीत पुरलेला अपलायटर आपल्याकडे जून ते सप्टेंबर चिखलपाण्यात बसतो, आणि रोज संध्याकाळी तापतो, वर सर आली की झटकन थंड होतो. थंड होताना आतली हवा आकसते आणि केबलच्या तोंडातून बाहेरची दमट हवा किंवा सरळ पाणी आत ओढलं जातं. काचेच्या आत थेंब दिसायला लागले की समजा सुरुवात झाली. त्यामुळे जमिनीत पुरायचे दिवे कोकणात मी सुचवतच नाही. जमिनीपासून वीतभर वर, स्टँडवर, पाणी निथळून जाईल असा दिवा घ्या, केबल खालून आत जावी आणि आत जायच्या आधी तिला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. एअर व्हेंटचा ग्लँड (केबल आत जाते तिथलं घट्ट बूच) मिळतो, हवा जाऊ देतो पाणी नाही, तो घ्या. जॉइंट जेल भरलेल्या बॉक्समध्ये. आणि एलईडी सहसा मरत नाही, मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, तेव्हा ड्रायव्हर दिव्यात न ठेवता वर एका बॉक्समध्ये एकत्र ठेवा, म्हणजे वायरमनला गुडघाभर चिखलात बसून काम करायला लागत नाही. त्या बॉक्सची भोकं नीट बंद करा, नाहीतर मुंग्या आणि पाली संसार थाटतात.

धातूंचं असं की साधा पावडर कोटिंग केलेला ॲल्युमिनियम समुद्राजवळ फोड येऊन सोलतो, ३०४ ग्रेडच्या स्टीलवर तांबूस डाग येतात. स्क्रू, क्लँप, ब्रॅकेट ३१६ ग्रेडचं मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेला तेच तोंड देतं. खांब हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले). स्टीलचा स्क्रू सरळ ॲल्युमिनियमला लावला की खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. दोन रुपयांची वस्तू आहे पण टेंडरमध्ये लिहिली नाही तर कोणी लावत नाही.

वीज पडण्याचं आपल्याकडे माहीतच आहे, मे अखेरीला आणि परतीच्या पावसात माडावर पडते. फीडर पिलरमध्ये (जिथून सगळ्या दिव्यांना वीज जाते ती पेटी) सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण, आणि शिवाय प्रत्येक दिव्याला १० केव्हीचं संरक्षण असावं. लाईट गेली-आली, व्होल्टेज वरखाली, तेही ड्रायव्हरला मारतं, म्हणून रुंद रेंजचा ड्रायव्हर घ्या. दुसरं म्हणजे अर्थिंग. जांभ्या जमिनीत अर्थिंग नीट मिळत नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही, मोजून घ्या आणि केमिकल अर्थिंगचा खर्च धरा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) लागलाच पाहिजे. आणि झाडाझुडपांजवळचे, पोरांच्या हाताला लागतील असे दिवे २४ व्होल्टवर चालवा, मग भीतीचं कारणच उरत नाही. फीडर पिलर पाणी भरतं त्या पातळीच्या वर, ती पातळी गावातल्या जुन्या माणसांना विचारा.

आता झाडं. वडाला खालून हिरवा लाईट हे आता सगळीकडे दिसतं, मला मनापासून नको वाटतं. रात्रभर पानांवर उजेड राहिला की झाडाची दिवस-रात्रीची जाण बिघडते, आणि त्या वडावर जर वटवाघळं असतील तर ती जागा सोडतात. एकदा संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तिथे उभे राहून बघा, उडताना दिसतील. असली तर तो वड नकाशावर काळोखात टाका, फक्त पाराच्या कडेला खालच्या अंगाने मंद उजेड, की बसणाऱ्याला पाराची कड दिसावी. खणतानाही सांभाळा, झाडाच्या पसाऱ्याखाली चर मारला की मुळं तुटतात आणि झाड दोन-चार वर्षांनी वाळतं तेव्हा कोणाला कारण आठवत नाही. केबल पाऊण मीटर खोल टाकायची असते, तेव्हा ती वाटेच्या कडेनेच न्या, वळसा पडला तरी चालेल. फांद्यांना खिळे नाहीत, ताराही नाहीत.

बकुळ, सुरंगीजवळ मी दिवाच ठेवत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सुरंगी फुलते तेव्हा माणूस काळोखातही वासावरून झाडापाशी जातो, तिथे एक बाक आणि वाटेवरचा लांबचा उजेड इतकंच द्या. बघा लोक तिथे जास्त वेळ बसतील.

समुद्र जवळ आहे म्हणून कासवांचा मुद्दा काढावाच लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या घरट्यांचं संरक्षण चाललंय, आंजर्ल्याला, गुहागरला घरटी होतात, तुमच्या किनाऱ्यावरही होत असतील. साधारण नोव्हेंबर ते मार्च माद्या येतात आणि पुढे पिल्लं निघतात, ती जास्त उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे जातात. पूर्वी उजळ क्षितिज म्हणजे समुद्र. आता गावाकडे हायमास्ट असेल तर ती गावाकडे चालायला लागतात आणि सकाळपर्यंत कुत्रे, कावळे, ऊन यात संपतात. रात्री पुळणीवर जा, खाली बसा, आणि बागेकडे वळून बघा. दिव्याचा ठिपका दिसत असेल तर त्याला आडोसा करा किंवा तो खाली आणा. समुद्राच्या बाजूच्या दिव्यांना पिवळसर ॲम्बर घेतला तर पिल्लांना तो कमी ओढतो. त्याच ॲम्बरचा आणखी फायदा म्हणजे किडे कमी येतात. मिरगाचा पहिला पाऊस पडला की वाळवीची पाखरं दिव्यांवर कशी तुटून पडतात ते आपण लहानपणापासून बघतोय, घरातले दिवे मालवून बसायचो आपण. पांढऱ्या-निळसर दिव्याखाली दुसऱ्या दिवशी पंखांचा खच असतो. त्या आठवड्यात बागेचे अर्धे दिवे बंद ठेवायची सोय ठेवा, साफसफाई करणाऱ्या बाईंचं तरी काम हलकं होईल.

दीपमाळेवर माझं मत पक्कं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. तिच्यावर कायमचा विजेचा दिवा लावू नका. ती स्वतःच दिव्याची वस्तू आहे. रोज फोकस मारून उभी केली की त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लागतात तेव्हा काहीच वेगळं वाटत नाही. कंट्रोल पॅनेलवर एक वेगळं बटण ठेवा, त्रिपुरीच्या रात्री ते दाबलं की गेट आणि पायऱ्या सोडून बाकी सगळी बाग बंद. गावातल्या लोकांना बोलवा आणि पणत्या त्यांच्या हातून लागू द्या.

आरजीबीबद्दल नगरसेवकांना सरळ नाही म्हटलं तर भांडण होईल, म्हणून मी असा मार्ग काढतो: कायमचे रंगीत दिवे नाहीत, पण गेटजवळ, पाराजवळ आणि मोकळ्या जागेत वॉटरप्रूफ सॉकेटचे पॉइंट द्या, वेगळ्या एमसीबीवर. गणपतीत, १५ ऑगस्टला, जत्रेला मंडपवाला येऊन पाहिजे ते रंग लावेल आणि चार दिवसांनी काढून नेईल. लोकांची हौसही भागते आणि केबल जागोजागी छाटून आकडेही टाकले जात नाहीत.

आता तुमचा वॅटचा हिशोब, मुद्दाम ढोबळ. समजा वाटा, पायऱ्या, गेट सगळं मिळून ४० दिवे सरासरी ८ वॅटचे, म्हणजे ३२० वॅट. संध्याकाळी पाच तास चालले तर रोजचे १.६ युनिट, महिन्याला पन्नासच्या आत. त्याच पाच तासांना २०० वॅटच्या सहा फिटिंगचा हायमास्ट रोज ६ युनिट खातो, आणि तो सहसा पहाटेपर्यंत चालू राहतो. सूर्यास्ताप्रमाणे आपोआप वेळ बदलणारा टायमर मिळतो तो लावा, रात्री दहानंतर ३० टक्क्यांवर, बाग बंद झाल्यावर फक्त गेट आणि शॉर्टकटची पाखाडी. मोबाईल ॲपवाली महागडी सिस्टिम कोणी गळ्यात मारायला आला तर एवढंच विचारा की ती बिघडल्यावर तुमच्या नगरपंचायतीचा वायरमन ती दुरुस्त करू शकेल का.

टेंडर सर्वात कमी दराला जाणार हे गृहीत धरून स्पेसिफिकेशन लिहा. ऑर्डरच्या आधी प्रत्येक प्रकारचा एक नग सँपल, एनएबीएल (सरकारमान्य) लॅबचा आयपी टेस्ट रिपोर्ट, एलएम-८० रिपोर्ट (एलईडीचा उजेड किती काळ टिकतो त्याची चाचणी), १० टक्के स्पेअर नग आणि ड्रायव्हर नगरपंचायतीच्या स्टोअरमध्ये, पाच वर्षांची देखभाल आणि त्यासाठी बिलातली काही रक्कम राखून. देखभाल म्हणजे काय तेही लिहा: आगोटीला (पावसाच्या तोंडावर) ग्लँड-जॉइंट तपासणे, पावसाळ्यानंतर शेवाळ आणि झाडोरा काढणे, आणि डिसेंबर ते मे दर महिन्याला काचेवरचा मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसणे. या थराने उजेड चांगलाच कमी होतो आणि लोक म्हणतात दिवा उतरला.

आणि हे सगळं पटलं तरी माझ्या शब्दावर ऑर्डर देऊ नका. पुरवठादाराकडून सात-आठ दिवे मागून घ्या, एक्स्टेंशन वायर ओढा, आणि अमावस्येच्या आसपास एका रात्री गेट, पाखाडीचा एक टप्पा आणि भिंतीचा एक तुकडा लावून बघा. नगराध्यक्ष, ठेकेदार, रोज चालायला येणारी दोन-तीन म्हातारी माणसं आणि उशिरा घरी परतणाऱ्या बायका, सगळ्यांना बोलवा. एकदा प्रत्यक्ष चालून बघितलं की कागदावर महिनाभर चाललेला वाद तासाभरात मिटतो. जमलं तर तेच जुलैत एखाद्या उघडीपीच्या रात्री पुन्हा करा.

सोलरचं शेवटी. मोकळ्या मैदानावर हो, तुमच्या बागेत नाही. वड आणि माडांच्या सावलीत पॅनेल दिवसभर उपाशी राहतो, आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे मोकळ्या जागेतही बॅटरी भरत नाही, म्हणजे पाखाडी निसरडी असते नेमके तेव्हाच दिवे बंद. सोलर हवाच असेल तर नगरपंचायतीच्या इमारतीच्या छपरावर पॅनेल लावून नेट मीटरिंग (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करणं) करा आणि बागेला साधी लाईन द्या. गडग्याची उंची, पाखाडीची रुंदी आणि बागेची बंद व्हायची वेळ कळवलीत तर दिव्यांमधलं अंतर काढून देतो, त्यासोबत झाडांची जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा असला तरी पुरे.